अंगठ्याएवढी मोकळी जागा

बुटाच्या दुकानात घाबरण्यासारखं काय असतं, असा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. विचारणारे बहुतेक जुने सहकारी असतात. एका दैनिकाच्या बुलढाणा कार्यालयात मी बरीच वर्षं बातम्या लिहिल्या. कार्यालय बंद झालं तेव्हा मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर खेळाच्या बुटांचं दुकान टाकलं. घाटात उलटलेले ट्रक आणि विहिरीतून काढलेली माणसं पाहिलेल्याला आता कसली धाकधूक, असं त्यांचं म्हणणं. त्यांना मी एवढंच सांगतो की अपघाताच्या जागी बातमीदार पोचतो तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. दुकानात गिऱ्हाईक बाकावर बसतं, पाय पुढे करतं, आणि व्हायचं ते अजून व्हायचं असतं.

धंदा बाहेरून सोपा दिसतो. गिऱ्हाईक नंबर सांगतं, दुकानदार डबा काढतो. प्रत्यक्षात नंबर ही त्या धंद्यातली सर्वांत कमी भरवशाची गोष्ट आहे. एका कंपनीचा सात दुसऱ्या कंपनीच्या साडेसहाएवढा भरतो. माणसाचे दोन पायही सारखे नसतात. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा असतो. पाय दिवसभरात फुगतो, म्हणून माप संध्याकाळी घ्यावं, आणि उभं राहून घ्यावं, कारण अंगाचा भार पडला की पाय लांबतो आणि पसरतो. ज्या मोज्यात पळायचं तेच मोजे घालून यावं. सर्वांत लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याएवढी मोकळी जागा राहिली पाहिजे. ते बोट पायाचा अंगठाच असेल असंही नाही. पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. टाच मात्र हलता कामा नये. चवड्याची रुंदी दाबली जाऊ नये. आणि बूट पाय जिथे मुडपतो तिथेच मुडपला पाहिजे, मधोमध नाही.

हे सगळं मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण ऐकून घेतात. मग घट्ट बूट मागतात.

त्याला कारण आहे. आपल्या भागात जोडा म्हणजे कातड्याचा, आणि कातड्याचा जोडा घट्टच घ्यायचा असतो. चार दिवस चावतो, मग पायाचा होतो. सैल घेतला तर महिन्याभरात टाचेतून निघतो. वडिलांनी तो तसा घेतला, आजोबांनी घेतला, आणि त्यांचं बरोबर होतं. हल्लीच्या पळायच्या बुटात कातडं नसतं. जाळी असते, रबर असतं, फोम असतो. तो पहिल्या दिवशी जेवढा असतो तेवढाच शेवटच्या दिवशी असतो. चावणारा बूट सैल होण्याची वाट पाहणारी माणसं मी पाहत आलो आहे. तेवढ्या काळात बदलतो तो पाय.

शेगावला पायी जाणाऱ्यांचं पाहा. इथून बोथ्याच्या घाटाने खाली उतरायचं असतं. उतारावर पाय पुढे सरकतो आणि प्रत्येक पावलाला बोटं बुटाच्या नाकाडावर आपटतात. घट्ट बूट घालून निघालेला माणूस घाट उतरेपर्यंत नखं काळी करून घेतो. परत आल्यावर दुकानात येतो आणि बूट खराब निघाला म्हणतो. नखं पुन्हा येतात. त्या गिऱ्हाइकांची मला भीती वाटत नाही. ती ओरडतात, भांडतात, पाय टेबलावर ठेवून दाखवतात.

भीती वाटते ती न ओरडणाऱ्यांची.

कोर्टातून निवृत्त झालेले एक बेलिफ रोज सकाळी फिरायला जात. साखरेचा आजार जुना होता. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून बूट माझ्याकडून नेले होते. एक दिवस मोजे घ्यायला आले. "बूट एक नंबर दिले बाप्पा तुम्ही," म्हणाले. "आहे का नाही तेच समजत नाही पायाले." मोज्याचं माप पाहायला मी बूट काढला. आतून एक चिंचोका पडला. नातवंडं चिंचोक्यांनी खेळत होती, एक बुटात गेला असावा. मोजा तळव्याला चिकटला होता. तो सोडवला तेव्हा खाली जखम होती. चिंचोक्याच्या आकाराची आणि आत खोल. बेलिफ त्या पायाकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसे पाहत राहिले. "हे कवा झालं?" त्यांनी मलाच विचारलं. पुढे दवाखाना झाला, एक बोट काढावं लागलं. तेव्हापासून साखरेच्या गिऱ्हाइकाला बूट देताना मी एक सवय सांगतो. घालण्याआधी रोज आत हात फिरवायचा, आणि काढल्यावर रोज तळवा पाहायचा, दिसत नसेल तर आरशात.

बेलिफांना दुखणं कळत नव्हतं. काहींना कळतं आणि ते सांगत नाहीत. आमच्या भागात अशी तरुण मुलं-मुली पुष्कळ आहेत आणि ती सगळी भरतीची तयारी करतात.

पोलीस भरतीत मुलींना शंभर आणि आठशे मीटर पळावं लागतं, गोळा फेकावा लागतो. या परीक्षेला सगळे ग्राउंड म्हणतात. जिल्ह्यात उजाडायच्या आधी कोणत्याही डांबरी रस्त्यावर गेलात तर पळणारी पोरं दिसतील. बातमीदार असताना एका भरतीच्या मैदानावर मी एक उमेदवार पाहिला होता. शेवटच्या फेरीत त्याचा उजवा पाय टेकेना. तो काही अंतर डाव्या पायावर उड्या मारत गेला आणि मग खाली बसला. पायाच्या पंजाचं हाड मोडलं होतं. कधीपासून दुखत होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. तो म्हणाला, लय दिवसांपासून. बातमीत त्याला अर्धी ओळ मिळाली. त्याचा चेहरा मात्र मला अजून आठवतो. बसेपर्यंत त्यावर काहीच दिसत नव्हतं.

तसाच चेहरा मी पुन्हा दुकानात पाहिला.

बाजाराचा दिवस होता. चिखली रस्त्यावरच्या एका गावाहून वांगी, मेथी घेऊन येणारे सुखदेवभाऊ दुपारनंतर दुकानात शिरले. हातात बुटाचा डबा होता. बूट महागातला, गुलाबी पट्ट्यांचा.

"भाऊ, हा थोडा सैल करून पाह्यजे व्हता," ते म्हणाले. "मोच्याकडं नेला तं थो म्हने, ह्यात कातडंच नाही, मी ताणू काय?"

मोची खरं बोलला होता.

"कोनाचा हाय?"

"पोरीचा. कांचनचा. भरतीची तयारी करून राह्यली. तिच्या मामानं पुण्याहून आनला."

"पोरगी कुठं हाय?"

"भाईर, गाडीपाशी. तिले काऊन बोलावता? बूट आनला ना मी."

"बुटाले काय इचारू, भाऊ? तिले बोलवा."

कांचन आत आली. उंच, काटक, वेणी घट्ट बांधलेली. चालताना उजवा पाय किंचित बाहेरच्या कडेवर टाकत होती. मामाला माप कसं दिलं, असं विचारलं तर तिने सांगितलं की आईने सुतळीने घेतलं. सकाळी, ती बाजेवर बसलेली असताना. सुतळीला गाठ मारून मामाकडे दिली. आमच्याकडे पोरीबाळींचा जोडा असाच येतो. पाय घरी राहतो, माप दुकानात जातं. सुतळी लांबी सांगते. रुंदी सांगत नाही, आणि उभ्या पायाची लांबीही सांगत नाही.

बुटातली आतली गादी मी काढली, फरशीवर ठेवली आणि तिला तिच्यावर उभं राहायला सांगितलं. हा तपास घरी कोणालाही करता येतो. गादीच्या पुढे थोडी जागा उरली पाहिजे. कांचनची बोटं गादीच्या बाहेर आली होती. बाजूने करंगळीही.

"ह्या बुटात किती दिवस झाले पळून राह्यली?"

"दिवाळीपासून."

"दुखते काय?"

"नाही," ती म्हणाली. मी प्रश्न पुरा करायच्या आत म्हणाली.

"तिले काही दुखत नाही," सुखदेवभाऊ कौतुकाने म्हणाले. "ल्हानपनी पायात काटा गेला तं स्वतःच काढे. रडली नाही कवा."

मी तिला मोठ्या नंबरचा, रुंद पंजाचा एक बूट घालायला दिला. दुकानापुढच्या गल्लीत पळून यायला सांगितलं. ती पळाली. बूट बरोबर होता, तरी पाऊल बाहेरच्या कडेवरच पडत होतं. म्हणजे ती सवय बुटातून निघून पायात गेली होती. आठ दिवस पळू नको, असं मी तिला सांगितलं. तिने मान डोलावली. बूट मात्र त्या दिवशी गेला नाही. मामाने प्रेमाने दिलेला बूट बाजूला ठेवून दुसरा घेणं म्हणजे मामाचा अपमान, असं सुखदेवभाऊंना वाटलं. त्यात मामाने कांचनसाठी एक स्थळही आणलं होतं. "तिच्या मामाले इचारतो अन् येतो," असं म्हणून ते डबा काखेत घेऊन गेले.

काही दिवसांनी कांचन एकटीच आली. कॉलेजची बॅग पाठीवर होती.

"काका, थो मोठा नंबरवाला बूट द्या. बाबानं पाठवलं."

"मोजा काढ."

"काऊन?"

"काढ तं खरी."

उजव्या पायाच्या वरच्या बाजूला, मधल्या बोटांच्या मागे, सूज होती. मी एका बोटाने चाचपत गेलो. एका जागी आलो तेव्हा तिने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. चेहरा हलला नाही. हातांची बोटं पांढरी पडली.

स्नायू दुखतो तेव्हा माणूस हाताच्या पंजाने जागा दाखवतो: इथं सगळीकडे. हाडाचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं. हा डॉक्टरांकडून ऐकलेला ठोकताळा आहे, निदान नाही. पण मला त्या क्षणी मैदानात एका पायावर उड्या मारणारा उमेदवार दिसला.

"बसल्या बसल्याही दुखते?"

तिने मोजा पुन्हा घालायला घेतला.

"कांचन, हे बुटाचं काम नाही. हाडाच्या डॉक्टरकडं जा."

"बूट द्या ना काका. मोठा घातला की थांबते."

"नाही देत."

"तुम्ही दुकानदार हायत का डॉक्टर?"

"दुकानदार. डॉक्टर वरच्या चौकात हाय."

ती हसली नाही. बॅग मांडीवर घेऊन बसून राहिली. मग एकदम बोलायला लागली. ग्राउंडची तारीख कधीही येईल. मामाचं स्थळ बाबाने या भरतीपर्यंतच थांबवून ठेवलं आहे. झालं तर नोकरी, नाही झालं तर लग्न, असं घरात ठरलं आहे. "अन् पायाचं कळलं तं दोन्ही जाते, काका. गावात एकडाव झालं ना, का सुखदेवच्या पोरीच्या पायात दोष हाय, की मंग जलमभर थेच. बाबाले नका सांगू. तुमच्या पाया पडतो."

आमच्याकडे बाया-पोरीही 'पडतो', 'जातो' असंच बोलतात. ती खरोखर वाकली. मी पाय मागे घेतला.

माझी बायको मालती त्या वेळी दुकानात होती. ती कांचनला घेऊन डॉक्टरकडे गेली, तिथे पायाचा एक्स-रे काढला. दोघी परत आल्या तेव्हा कांचन पुढे होती आणि तिचा चेहरा पहिल्यांदाच उजळला होता.

"फोटोत काहीच नाही निघालं, काका! हाड क्लिअर हाय."

मागून आलेल्या मालतीने मला बाजूला घेतलं. "डॉक्टरनं काय सांगतलं, थे तिनं ऐकलंच नाही," ती म्हणाली. "बारीक चीर असली तं सुरुवातीले फोटोत दिसत नाही म्हने. पळनं आजपासून बंद. तसंच पळली तं मोडू शकते. काही दिवसांनी फोटो परत काढायचा."

मी आणि मालतीने मिळून तेच पुन्हा कांचनला सांगितलं. तिने पुन्हा मान डोलावली. ती मान मला आता ओळखीची झाली होती.

नंतरचे दिवस वाईट गेले. दुकानात भरतीची पोरं येत, त्यांना मी आडून विचारत असे. एक जण म्हणाला, "कांचन ना? अंधारात पळते ते रोडनं. कोनी पाहू नाही म्हनून आमच्याही आधी." डांबरी रस्ता, अंधार, लहान बूट आणि चिरलेलं असेल किंवा नसेल असं हाड. मी सुखदेवभाऊंना फोन लावला. तिने नको म्हटलेलं असताना लावला. जे पाहिलं आणि डॉक्टर जे बोलले ते क्रमाने सांगितलं. माझं मत दिलं नाही.

पलीकडून सुखदेवभाऊ म्हणाले, "बरं." आणि फोन बंद झाला.

त्या 'बरं'चा अर्थ मला कळला नाही. पोरीला घरात बसवतील, कॉलेज बंद करतील, मामाच्या स्थळाला उद्याच होकार कळवतील, असे सगळे अर्थ मी लावून पाहिले. परत फोन करण्याची हिंमत झाली नाही. मालती म्हणाली, "आता तुमचं काम झालं." ते खरं होतं, आणि त्याने काळजी काही थांबत नव्हती.

ग्राउंडच्या तारखा लागल्या त्या आठवड्यात बाप-लेक दुकानात आले. सुखदेवभाऊ खुर्चीवर बसले. त्यांनी फोननंतर काय केलं, ते तेव्हा कळलं. पहाटे ते दाराच्या उंबऱ्यावर बसत. कांचन बूट घेऊन आली की बाजूला सरकत आणि तिलाही बसवत. उजाडेपर्यंत दोघं तिथेच. रागावले नाहीत, बोलले नाहीत. असे कित्येक दिवस.

"आज डॉक्टरनं दुसरा फोटो काढला," ते म्हणाले. "चीर व्हती. आता भरून राह्यली. डॉक्टर म्हने, त्या एकट्या पायावर उड्या मार. दुखलं नाही तं मंग इचार करू, दुखलं तं पळायचं नाही. हिनं मारल्या. म्हने, नाही दुखत."

"मंग?"

"मंग काय! हिचं काय खरं मानू? दिवाळीपासून नाहीच म्हनून राह्यली. तुम्ही पाहा. तुमाले पाय समजते."

बूट विकणाऱ्याला दुसऱ्याच्या पायातलं दुखणं दिसत नाही. तो चेहऱ्यावरून अंदाज करतो, आणि या चेहऱ्याने मला याआधी दोनदा फसवलं होतं. तसं मी म्हणालो. तरी बूट काढले. रुंद पंजाचे. मोजे तिचेच. वेळ संध्याकाळची. लेस मी बांधल्या. पुढे अंगठ्याएवढी जागा बरोबर होती. टाच पक्की होती. दुकान टाकल्यापासून इतका नेमका बसलेला बूट क्वचित पाहिला असेल. त्यामुळेच भीती वाढली. आता दुखलं तर ते बुटाचं नव्हतं.

कांचन फरशीच्या मधोमध उभी राहिली. डावा पाय उचलला. उडी मारली. दुसरी मारली. मी चेहरा पाहत होतो, सुखदेवभाऊ पाय पाहत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"नाही दुखत," ती म्हणाली.

खरं की खोटं, मला माहीत नव्हतं. ती खरं बोलत असली तर तिचं ग्राउंड होणार होतं. खोटं बोलत असली तर आठशे मीटरमध्ये कुठेतरी ते हाड जाणार होतं, आणि नोकरीबरोबर पायही. हे दोन्ही एकाच चेहऱ्यामागे होतं.

सुखदेवभाऊ खुर्चीवरून उठले आणि तिच्या पायाशी फरशीवर मांडी घालून बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कांचन. मामाले काय सांगाचं थे मी पाहीन. आईले मी पाहीन. गावाले मी पाहीन. तू फकस्त पायाचं सांग."

ती त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. मग तिने डावा पाय पुन्हा उचलला आणि तिसरी उडी मारली. खाली आली तेव्हा डावा पाय लगेच टेकवला.

"दुखते," ती म्हणाली.

एवढं बोलून ती बाकावर बसली आणि रडू लागली. मोठ्याने, लहान पोरासारखी. सुखदेवभाऊंनी तिच्या उजव्या बुटाची लेस सोडायला घेतली. त्यांना ती गाठ सुटेना. मी सोडवून दिली.

ग्राउंडच्या दिवशी मी सकाळी शटर वर केलं तेव्हा दोघं बाहेर उभी होती. कांचनने ट्रॅक पँट घातली होती, पाठीला बॅग होती, पायात चपला होत्या. ती पळणार नाही हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. घरून दोघं ग्राउंडला म्हणूनच निघाली होती. आईने दही-साखर हातावर दिली होती. फाट्यावर दोघा-चौघांनी "नंबर काढून ये वं" असं म्हटलं होतं.

"दुपारपावतो बसू द्या इथं," सुखदेवभाऊ म्हणाले. "मंग घरी जाऊन सांगू, थोड्या मार्कानं हुकली म्हनून. कोनी काही इचारत नाही मंग."

मालतीने चहा आणला. मैदान जवळ असल्याने स्पीकरचा आवाज दुकानात येत होता. उमेदवारांचे नंबर पुकारले जात होते. प्रत्येक पुकाऱ्याला कांचन मान वर करायची. एका नंबराला तिने बॅग घट्ट धरली. तिचाच असावा. तो पुन्हा एकदा पुकारला गेला, मग पुढचा.

"बाबा," ती म्हणाली, "हुकली म्हनून नका सांगू."

"मंग काय सांगू?"

"पळालीच नाही म्हना. पायाचं हाड चिरलं म्हना."

सुखदेवभाऊंनी कप खाली ठेवला. "येडी झाली काय तू? दोष हाय म्हनून गावभर व्हईन. मामानं आनलेलं स्थळ एका दिवसात जाईन."

"जाऊ द्या ना मंग." ती हळू बोलत होती, पण अडखळत नव्हती. "हुकली म्हनलं तं थे लोक पुढच्या आठवड्यात पाहाले येते. पाय म्हनलं तं कोनीच येत नाही. थे गेलं की वर्षभर दुसरंही येत नाही. तवरोक पाय भरते. पुढची भरती निंघते."

"अन् वर्षानंही कोनी नाही आलं तं?"

"तवा म्हना, पोरगी पोलिसात हाय."

"अन् नाही लागली तं?"

पुढची जाहिरात कधी येईल, हाड पुरतं भरेल का, भरलं तरी पूर्वीसारखी पळेल का, यातलं काहीही त्या दुकानात बसलेल्या कोणाला ठाऊक नव्हतं. सुखदेवभाऊ दुपारची वाट न पाहताच उठले.

मी दारापर्यंत गेलो. गाडीला किक मारायच्या आत मैदानाकडून त्यांच्या गावचा एक माणूस आला. स्वतःच्या मुलाला ग्राउंडवर सोडून तो चहा शोधत होता.

"काय सुखदेवभाऊ!" तो लांबूनच ओरडला. "झालं काय पोरीचं? कसं पळाली?"

सुखदेवभाऊंनी मागे बसलेल्या कांचनकडे एकदा पाहिलं.

"पळाली नाही," ते म्हणाले. रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "पाय दुखते तिचा."